धन्याशीं कीं सोबत्यांशीं?

न्हावा-शेव्याच्या खाडींत होडी पाण्यानें भरूं लागली, तर खरा खलाशी उडी टाकून किनारा गांठीत नाहीं. तो पाणी उपसतो. मोटार-शर्यतींतहि असा एक खलाशी निघाला. आपल्या देशाचें नांव मिरविणारा ‘फोर्स इंडिया’ संघ २०१८ सालीं कर्जांत बुडाला. त्याचा २८ वर्षांचा मेक्सिकन चालक सर्जिओ पेरेझ याचेंहि येणें थकलें होतें. त्यानें संघ सोडला नाहीं. जुलैंत लंडनच्या न्यायालयाकडून संघावर प्रशासक नेमविला. त्यामुळें संघ नव्या हातीं गेला आणि सुमारें ४०० कामगारांची भाकर वाचली. पुढें २०२० सालीं त्यालाच निरोप मिळाला. तरी जातांजातां साखीरच्या शर्यतींत त्यानें नव्या नांवाच्या त्या संघाला पहिला विजय मिळवून दिला. धन्याविरुद्ध न्यायालयांत जाऊनहि सोबत्यांशीं इमान राखतां येतें, हें त्यानें दाखविलें.