घरगुती सागरपेटीतील माशांची निवड

गोड्या पाण्याच्या काचपेटीत सोनमासे, गप्पी किंवा एंजल बाळगणे ही गोष्ट शहरांतील सुशिक्षित घरांत आता नवलाची राहिलेली नाही. समुद्राच्या पाण्याची पेटी मात्र अद्याप कुतूहलाचा विषय आहे. 1951 साली मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी काचेस नाक लावून प्रवाळांतले रंगीत मासे पाहिले. पुढे 2003 साली नीमो नावाच्या केशरी माशाचा चित्रपट जगभर गाजला, आणि तसला मासा आपल्या दिवाणखान्यात असावा ही इच्छा घरोघरी उत्पन्न झाली. इच्छा काही वाईट नव्हे. पण ती घेऊन मनुष्य दुकानात शिरतो तेव्हा निवड करतो ती डोळा, आणि डोळ्यास या बाबतीत फारच थोडे कळते. मासा किती वाढणार, काय खाणार आणि शेजाऱ्याशी कसा वागणार, या तिन्ही गोष्टी त्याच्या रंगावर लिहिलेल्या नसतात.

मध्यम आकाराची पेटी म्हणजे चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी धरू. तीत सुमारे 250 लिटर पाणी मावते. वाळू व खडक घातल्यावर प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास उरते. एवढ्याच गोड्या पाण्यात वीस-पंचवीस लहान मासे सुखाने नांदतात, म्हणून तोच हिशेब येथे लावण्याचा मोह होतो. तो घातक होय. खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्याहून सुमारे एक-पंचमांशाने कमी विरघळतो, आणि पाणी जसजसे तापते तसतसा तो आणखी घटतो. शिवाय प्रवाळभूमीवरील बहुतेक मासे आपापली जागा राखून राहणारे असतात. एका खडकाच्या कपारीवर दोघांचा हक्क त्यांस मान्य नसतो. यास्तव एवढ्या पेटीत पाच ते सात लहान मासे ही मर्यादा समजावी. पेटी रिकामी वाटते अशी तक्रार पहिल्या महिन्यात प्रत्येक घरी होते. तिकडे दुर्लक्ष करावे.

पाण्याविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार व 25 ते 27 अंश सेल्सिअस उष्णता हे प्रमाण सांभाळावे लागते. मुंबईच्या एप्रिल-मे महिन्यांत शीतयंत्रावाचून हे साधत नाही, हे खर्चाचा अंदाज करतानाच ध्यानी धरावे. वाफ होऊन जाते ते केवळ पाणी, क्षार मागे राहतात. म्हणून घट भरून काढावयाची ती गोड्या पाण्याने. आणि पेटी भरल्यावर चार ते सहा आठवडे तीत एकही मासा नसावा. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया हे विष निर्माण होते. त्याचे प्रथम नायट्राइट व मग त्याहून सौम्य नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतू खडकावर व वाळूत वस्ती करावयास तेवढा अवधी घेतात.

येथेच पहिली चूक घडते. हा अवधी कंठवत नाही, तेव्हा दुकानदार सुचवितो की, दोन-चार डॅम्सेल सोडा. ते काटक असतात, स्वस्तही असतात, जंतूंची वाढ त्यांच्यावर होऊ द्या. सल्ला अर्धा खरा आहे. डॅम्सेल काटक असतात यात संशय नाही; विषारी पाण्यात कल्ले भाजून घेऊनही त्यांतील पुष्कळ जगतात. परंतु जगल्यावर ते पेटीचे मालक होतात. काळ्या मखमलीवर तीन शुभ्र ठिपके असलेले डॅम्सेलचे पिल्लू इतके गोंडस दिसते की त्याच्या स्वभावाची शंकाही येऊ नये. ते वाढून चार-पाच इंचांचे होते, ठिपके विटतात, काळा रंग राखेसारखा होतो, आणि मागाहून येणाऱ्या प्रत्येक माशाचे पर तो फाडू लागतो. मग त्यास काढावे म्हटले तर जाळीने तो पकडला जात नाही, कारण खडकांतील प्रत्येक भोक त्यास ठाऊक असते. अखेर सगळे खडक उपसून, महिनोन्‌महिने बसविलेली पेटी विसकटावी लागते. शे-दोनशे रुपयांच्या माशापायी होणारा हा सौदा महागच म्हणावयाचा. आणि जनावरास विषात ठेवून पाणी पारखणे मुळातच निर्दयपणाचे नव्हे काय? अमोनियाचे चार थेंब किंवा कोळंबीचा एखादा तुकडा जंतूंना तितकाच उपयोगी पडतो.

दुसरी चूक वाढीविषयीची. नीमोच्याच चित्रपटातील निळी डोरी, म्हणजे निळा सर्जनफिश, दुकानात दीड-दोन इंचांची मिळते. पूर्ण वाढलेला हा मासा फूटभर लांबीचा होतो, आणि समुद्रात तो दिवसभर प्रवाळांवरून लांबच लांब पोहत असतो. चार फुटांच्या पेटीत त्याची अवस्था जिन्याखालच्या खोलीत कोंडलेल्या घोड्यासारखी होते. तो आजारी पडतो तो पाण्याच्या दोषाने नव्हे, तर कोंडमाऱ्याने. अंगावर पांढरे दाणे येण्याचा रोग या जातीस विशेष लवकर जडतो. लक्षद्वीपच्या समुद्रातील फिकट निळा, पिवळ्या पाठपराचा सर्जनफिशही याच जातकुळीचा. सहा फुटांहून लहान पेटीत या कुळास जागा नाही.

कोकणात आजोळ असलेल्या घरांतून वेगळाच एक बेत निघतो. खडकांतल्या डबक्यांत ओहोटीला मासे दिसतातच, मग तेच आणले तर? मालवणचा काही समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तेथून काही उचलणे हा गुन्हा होय. पण अन्यत्रही हा विचार सोडलेला बरा. डबक्यात सापडणारे गोब्र्याचे पिल्लू तोंडात मावेल त्या प्रत्येक शेजाऱ्यास गिळते, आणि त्याचे तोंड दर महिन्यास मोठे होते. केंड मासा पर कुरतडतो. काळ्या पट्ट्यांचा सार्जंट मेजर हा पुन्हा डॅम्सेलच्याच घराण्यातला.

तिसरी चूक सर्वांत दुःखद, कारण ती सावकाश उघड होते. मँडरिन नावाचा मासा निळ्या-केशरी नक्षीचा, पैठणीच्या पदरासारखा असतो. तीन इंचांहून क्वचितच मोठा होतो, कुणाशी भांडत नाही. सर्व गुण जुळले असे वाटते. परंतु तो खातो ते खडकांवर रांगणारे कोपेपॉड नामक सूक्ष्म कवचधारी जीव, आणि तेही दिवसभर, एकेक टिपून. नव्या दोनशे लिटरांच्या पेटीत त्यांचा साठा काही आठवड्यांत संपतो. वरून टाकलेले खाद्य तो बहुधा ओळखतही नाही. पोट खपाटीस जाते, पाठीमागे कण्याची रेघ दिसू लागते, रंग मात्र शेवटपर्यंत तसाच झळाळत राहतो. त्यामुळे घरच्यांस सारे ठीक आहे असेच वाटत असते. इतर माशांच्या अंगावरील परोपजीवी टिपून खाणारा सफाईदार रास मासा पेटीचा वैद्य म्हणून विकला जातो, त्याचीही गत अशीच. पाच-सहा निरोगी रुग्णांवर कोणत्या वैद्याचे पोट भरणार?

समुद्रघोडा व जिवंत कठीण प्रवाळ यांविषयी पसंतीचा प्रश्नच उद्भवत नाही. 2001 सालापासून हे दोन्ही भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून काढलेले बाळगणे अगर विकणे हा दंडनीय अपराध आहे. कृत्रिम खडकांची रचना कपारी ठेवून नीट केली, तर माशांस त्याची उणीव भासत नाही.

आता पत्करावे असे कोण, ते पाहू. अग्रपूजेचा मान केशरी विदूषक माशासच द्यावा लागेल. ओसेलारिस जातीचा हा मासा तीन-साडेतीन इंचांवर थांबतो, सर्व प्रकारचे खाद्य खातो, आणि नीट सांभाळल्यास वीस वर्षांहूनही अधिक जगल्याची उदाहरणे आहेत. समुद्रफुलावाचून त्याचे अडत नाही. समुद्रफुलास प्रखर उजेड व मुरलेले पाणी लागते, तेव्हा नव्या माणसाने त्याच्या वाटेस जाऊ नये. विदूषकांची जोडी जमविण्याची रीत मोठी मौजेची आहे. ही पिल्ले आरंभी मादी नसतात; दोन लहान पिल्ले एकत्र ठेवली की जे वरचढ ठरते ते वाढून मादी होते, दुसरे नर राहते. मादी मेली तर नरच मादी होतो. म्हणून दोन लहानच घ्यावीत, त्यांतही एक किंचित मोठे. त्याच घराण्यातला गर्द तांबडा मरून विदूषक मात्र सहा इंचांचा व महाकोपी, तो नको.

विदूषकाच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. तो पेटीत जन्मास घालता येतो; आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही त्याचे प्रजनन साधले आहे. समुद्रातून धरलेल्या माशाची पूर्वपीठिका कुणास ठाऊक नसते. फिलिपाइन्समध्ये 1960 नंतरच्या काळात प्रवाळांत सोडियम सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याची रीत पडली. असा मासा वरवर धडधाकट दिसतो आणि कित्येकदा घरी आल्यावर काही आठवड्यांत मरतो. बांगाई कार्डिनल या काळ्या-रुपेरी माशाची कथाही तशीच. सुलावेसीजवळच्या मोजक्या बेटांभोवतीच तो सापडतो, आणि मत्स्यपेट्यांसाठी तो इतका पकडला गेला की 2007 साली त्याची गणना संकटग्रस्त जातींत झाली. वस्तुतः याचा नर अंडी व पुढे पिल्लेही तोंडात सांभाळतो, त्यामुळे पेटीत त्याची पैदास सोपी आहे. पेटीत जन्मलेलाच मागावा, आणि एकच किंवा जुळलेली जोडी घ्यावी. घोळका ठेवला तर अखेर दोघेच उरतात.

वाळूसाठी पिवळा पहारेकरी गोबी घ्यावा, आणि जमल्यास त्याच्या सोबतीस पिस्तुल कोळंबी. कोळंबी दिवसभर बीळ उकरते, पण तिची नजर अधू. म्हणून ती एक मिशी सदैव गोबीच्या अंगावर टेकून असते. गोबीने शेपटी हलविली की दोघेही बिळात. रंगीत माशांकडे पाहून कंटाळलेली माणसेही या जोडीपुढे तासभर बसतात. फायरफिश हा भित्रा व सुरेख; त्याच्यासाठी पेटीवर बारीक जाळीचे झाकण हवेच, नाहीतर सकाळी तो जमिनीवर वाळलेला आढळतो. अर्धा जांभळा, अर्धा पिवळा असा कॅरिबियन समुद्रातील रॉयल ग्रामा कपारीत राहतो व लवकर माणसाळतो. शेवटी जागा उरली तर चार इंची कोरल ब्यूटी एक.

घेण्यापूर्वी दुकानदारास आपल्यासमोर माशास खाणे घालावयास सांगावे. जो खात नाही, ज्याचे पोट आत गेले आहे, किंवा जो धापा टाकतो, तो कितीही सुंदर असला तरी घेऊ नये. आवडलेला मासा आठवडाभर दुकानातच राहू द्यावा व मग पुन्हा पाहावा. घरी आणल्यावर चार आठवडे वेगळ्या साध्या पेटीत ठेवावा. पांढऱ्या दाण्यांचा रोग एकदा मोठ्या पेटीत शिरला, तर तो घालविण्यासाठी सगळे मासे काढून पेटी कित्येक आठवडे ओस ठेवावी लागते.

सोडण्याचा क्रम भित्र्यापासून धीटाकडे असावा: प्रथम फायरफिश व गोबी, मग कार्डिनल, ग्रामा, त्यानंतर विदूषक, आणि कोरल ब्यूटी सर्वांच्या मागून. दोघांमध्ये दोन-तीन आठवड्यांचे अंतर हवे, म्हणजे जंतूंसही वाढत्या भारास तोंड देता येते. नवा मासा सोडावयाचा तो संध्याकाळी, दिवे मालवून, जुन्यांस अगोदर पोटभर खाऊ घालून. दुसऱ्या दिवशी तो दिसला नाही तर खडक हलवून शोधू नये. बहुधा तीन-चार दिवसांत भूक त्यास बाहेर आणते.