ओसाड कास्तेल्लोची गोष्ट

किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बुरूज, दरवाजे, दारूकोठार उभं राहतं. इटलीच्या मध्यभागी उंब्रिया नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथे मात्र ‘कास्तेल्लो’ हा शब्द जरा सैल हाताने वापरतात. सरदाराचा वाडा तो कास्तेल्लो, आणि डोंगरउतारावर तटाच्या आड दाटीने बांधलेली शेतकऱ्या-कारागिरांची वस्ती, तीही कास्तेल्लोच. आपली गढी आणि आपलं गावकूस एकत्र करा, म्हणजे अंदाज येईल. अशाच एका कास्तेल्लोविषयी आज बोलायचं आहे. त्याचं नाव पोस्तिन्यानो.

सेल्लानो गावाच्या हद्दीत, डोंगरापलीकडे जाणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवर ते मध्ययुगात वसलं. माथ्यावर टेहळणीचा बुरूज आणि त्याखाली पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत गेलेली दगडी घरं. पुढे व्यापार दुसऱ्या रस्त्यांनी गेला. डोंगरातल्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीवर पोट भरेना, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तरणी माणसं शहरांकडे निघाली. हे तुम्हांला उलगडून सांगायला नको. कोकणात आणि माणदेशात ही घरचीच गोष्ट आहे. १९६० च्या दशकात शेवटची माणसंही उतरून गेली. छपरं बसली, घरांतून झाडं उगवली. नॉर्मन कार्व्हर या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाने इटलीतल्या डोंगरगावांवर १९७९ साली छायाचित्रांचं पुस्तक काढलं, त्यात हे रिकामं गाव आहे.

१९९२ च्या सुमारास नेपल्सच्या दोन वास्तुशिल्पज्ञांनी ते विकत घेतलं. काम मार्गी लागतं न लागतं तोच १९९७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात भूकंप झाले. असिसीच्या प्रसिद्ध चर्चची कमान कोसळली ती याच वेळी. सेल्लानोला मोठा तडाखा बसला आणि पोस्तिन्यानोची उरलीसुरली घरंही खिळखिळी झाली.

दगडी घर भूकंपात का पडतं, हे किल्लारीने १९९३ साली आपल्याला फार महाग शिकवलं. भिंत रुंद असते, पण आतल्या आणि बाहेरच्या अंगाचे दगड एकमेकांत गुंतलेले नसतात. मध्ये नुसता मातीचा भरणा. हादरा बसला की दोन्ही अंगं फुटून निरनिराळी होतात. म्हणून इटलीतले गवंडी अशा भिंतींतून पोलादी सळ्या आरपार घालतात आणि बाहेरून पट्ट्या लावून आवळतात. जुन्या गावांतून फिरताना भिंतींवर लोखंडी फुल्या दिसतात ना, त्या शोभेच्या नव्हेत! पोस्तिन्यानो भूकंपाचा हिशेब धरून बांधून काढलं. ३० ऑक्टोबर २०१६ रोजी त्याच डोंगरांत ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला, नोर्चा इथलं संत बेनेडिक्टचं चर्च दर्शनी भिंत सोडून कोसळलं, पण पोस्तिन्यानो उभं राहिलं.

आता तिथे हॉटेल आहे, खाणावळ आहे. हॉटेल म्हणजे एक मोठी इमारत नव्हे. खोल्या जुन्या घरांतूनच आहेत, पाहुणा गल्लीतल्या पायऱ्या चढून आपल्या दाराशी जातो. ‘विखुरलेलं हॉटेल’ ही कल्पना इटलीचीच, १९७६ च्या फ्रियुली भूकंपानंतर पुन्हा उभारलेल्या रिकाम्या घरांचं करायचं काय, या विवंचनेतून निघालेली.

२०१९ साली आपल्याकडे काही किल्ले हॉटेलांसाठी द्यावेत असा विचार निघाला तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवतं? शिवकालीन किल्ल्यांना हात लागणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. मला तो राग रास्त वाटला होता. पण पोस्तिन्यानो कुणाचं स्मारक नव्हतं. ती घरं होती, आणि घरात चूल पेटली यात काही वावगं नाही. तरी मनात एक खुपतंच. पाहुणे दोन रात्री राहून जातात. त्या पायऱ्यांवर खेळून मोठी झालेली माणसं केव्हाच दूर पांगली.

या भागातल्या खाणावळींत एक मसूर मिळतो, बारीक दाण्याचा. जवळच्या कास्तेल्लुच्चो गावच्या उंच माळावर तो पिकतो. २०१६ च्या भूकंपात ते गाव जवळजवळ सगळं पडलं, रस्ते बंद झाले. २०१७ च्या वसंतात तिथले शेतकरी ट्रॅक्टरांची रांग करून वर गेले आणि त्यांनी मसूर पेरला.