हिरवा टिक आणि एक क्विंटल कापूस

आजचा भाग कोडचा आहे, पण कोड न लिहिणाऱ्यांनीही ऐका. गोष्ट कापसाच्या पैशाची आहे.

मी अकोल्याला, मावसभाऊ दर्यापूरकडे. गावातले काही जण एकत्र कापूस विकायला नेतात, हिशोब हा ठेवतो. त्याची एक्सेल शीट तपासायला मी पायथॉनमध्ये स्क्रिप्ट लिहून दिली. एका ओळीत नाव, वजन, भाव, आणि पावती मिळाली की नाही.

वजनासाठी मी 'क्विंटल' असा स्वतःचा टाइप केला: संख्या हवी, शून्याच्या वर, शंभराच्या आत. कारण कोणी तरी १२.४० क्विंटलऐवजी १२४० किलो लिहितंच. २०२४-२५ चा लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ धरला, तर ९३ हजारांचे थेट ९३ लाख होतात ना बाप्पा!

टेस्ट लिहिल्या चार. चारही बरोबर याद्यांच्या. सगळ्या हिरव्या. मी खूश.

मग भावाचा फोन. "काहून रे, काकांचा कापूस एकच क्विंटल दाखवते?"

झालं असं, की त्या ओळीत एक रकाना सरकला होता. वजनाच्या जागी पावतीचं 'ट्रू' आलं. आता पायथॉनमध्ये ट्रू-फॉल्स हा पूर्णांकाचाच पोटप्रकार आहे, आणि ट्रू म्हणजे १. संख्या आहे? आहे. शून्याच्या वर? हो. पास! चूक लाखांची असती तर लगेच दिसली असती. ही बेरजेत मुकाट बसली.

त्या रात्री मी उलटं काम केलं, मुद्दाम बिघडलेल्या याद्या बनवल्या. रिकामी यादी दिली, तीही पास. 'ऑल' ला एकही चुकीची ओळ सापडत नाही, म्हणून तो सगळं बरोबर म्हणतो. रिकामा चौकोन पांडाज 'नॅन' म्हणून वाचतं. 'शून्याहून कमी किंवा शंभराहून जास्त असेल तर नाकार' असं लिहिलं, की नॅन दोन्हीकडून निसटतो, कारण त्याची लहान-मोठेपणाची कुठलीही तुलना खोटीच ठरते. अट सुलट लिहावी लागली.

आता पायटेस्टमध्ये चार टेस्ट बरोबर याद्यांच्या, एकोणीस नाकारायच्या. आणि नुसतं नाकारून भागत नाही. 'ओळ ७, वजन' असा निरोप आला का, हेही तपासतो. भाऊ शेतात उभा राहून मोबाइलवर वाचतो, त्याला इंग्रजी एरर काय कामाची?

आता तोच मला बिघडलेल्या शीट पाठवतो. परवाच्या शीटमध्ये वजन होतं 'साडेबारा'. अक्षरात. नाकारलं, ओळ ३.