खाटेपाशी शिकवा



मंठा, घनसावंगी, भोकरदनहून तुम्ही परिसेविका, पाठ्यनिर्देशिका आणि विद्यार्थी मुलं-मुली पहाटेच्या एसटीनं आलात. काही जणी नाइट संपवून थेट आल्यात, ते डोळ्यांवरून कळतंय. म्हणून एकच गोष्ट बोलते. नर्स खाटेपाशी घडते, आणि आपण तिला खाटेपासून दूर नेत चाललो आहोत.

१८९१ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात बाई काशीबाई गणपत शिकायला आल्या. पहिल्या भारतीय शिकाऊ परिचारिका म्हणून पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर एक ओळ असते, आणि मुली ती परीक्षेपुरती पाठ करतात. मला मात्र त्यांची पहिली रात्रपाळी आठवावीशी वाटते. परक्या माणसाचं मलमूत्र उचलायचं, जात न विचारता तोंडात पाणी घालायचं, आणि तेही त्या काळात! पुढे पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन उभं राहिलं. रमाबाई रानड्यांनी तिथून बायकांना ससूनमध्ये हे काम शिकायला पाठवलं, तेव्हा त्या विटाळाशीच लढत होत्या. आपल्या जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल हे गाव वसवलं, आणि मिशनच्या दवाखान्यानं या भागाला पांढऱ्या कपड्यातली बाई दाखवली. या सगळ्यांनी वर्ग आणि वॉर्ड वेगळे मानले नाहीत.

आज परिचर्येचं शिक्षण म्हणजे एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं. बारावी झालेली मुलगी येते, फी आई-बापानं कापूस वेचून किंवा ऊस तोडून भरलेली. घरातली पहिली पगारदार तीच होणार असते. तिला आपण काय देतो? काही ठिकाणी खाटा फक्त तपासणीच्या दिवशी भरलेल्या दिसतात. काही ठिकाणी उलटं, वॉर्ड तुडुंब आणि शिकवायला कुणी नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं मानक आहे, सर्वसाधारण रुग्णालयात ५ रुग्णांमागे १ परिचारिका, अध्यापन रुग्णालयात ३ मागे १. ते पाळलं जात नाही तेव्हा उरलेला भार शिकाऊ पोरीच्या अंगावर येतो. मी प्रथम वर्षाला असताना मला एका रात्री अख्ख्या वॉर्डात एकटीला ठेवलं होतं. सलाइन संपत आलेलं कळत होतं, पण पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. सकाळपर्यंत कुणाला काही झालं नाही, पण त्याला शिक्षण म्हणायचं नाही.

आणि त्याच वर्षी खरं शिक्षणही मिळालं. जाफराबादकडच्या एक आजी पंधरा दिवस अंथरुणाला खिळलेल्या होत्या. आमच्या सिस्टरनी त्यांना कुशीवर वळवलं, माझं बोट धरून माकडहाडावरच्या लाल डागावर दाबलं आणि म्हणाल्या, “सोड. पांढरं होऊन परत लाल झालं का?” झालं नाही. लाल होतं तसंच राहिलं. “जखम इथून सुरू होते, पू दिसायच्या आधी. दर दोन तासांनी कूस बदलायची, लिहून ठेवायची.” एवढंच बोलल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. पुस्तकात दाबव्रणांच्या प्रकरणाची बारा पानं आहेत. माझ्या लक्षात ते बोट राहिलं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पाठ्यनिर्देशिकेचा निम्मा दिवस वॉर्डात जावा. शिकाऊ मुलगी रोजच्या मनुष्यबळात मोजू नये. आणि समजावणं मराठीत व्हावं, कारण परीक्षा कुठल्याही भाषेत असली तरी आजी “बाई, लई दुखतंय” असंच सांगणार आहे.

सगळ्यात जास्त खोटं आपण बाळंतपणाच्या वहीत लिहितो. जीएनएमच्या मुलीनं २० बाळंतपणं स्वतःच्या हातानं करायची असतात. मुलगी दाराशी उभी असते आणि वहीत ‘केलं’ असं चढतं. त्यावर सही आपलीच असते, भगिनींनो. हीच मुलगी उद्या उपकेंद्रात एकटी असेल, पावसात रस्ता बंद असेल.

दुपारच्या सत्रात तुमच्या वह्या घेऊन या. गांधी चमनच्या स्त्री रुग्णालयात पाळी केलेल्या मुलींनी पुढे बसावं. मी पाठ काहीच विचारणार नाही. नाळ बांधायच्या आधी ती दोन बोटांत धरली होतीस का, आणि तिची धडधड कधी थांबली, एवढंच सांगा.