लुगड्याला माप नसतं

(महासंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी मांडलेला विषय)



बचत, थकबाकी, बँकेचे हप्ते हे विषय झाले. अध्यक्षा ताईंनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. माझा विषय ऐकून काहीजणी हसतील. विषय आहे, लग्नात काय नेसायचं?

हसा, पण ऐका. तुळशीचं लग्न झालं की लगीनसराई सुरू होते. आता पत्रिकेबरोबर मोबाईलवर आणखी एक निरोप येतो. ‘लग्न पेशवाई थाटात आहे, सर्व महिलांनी नऊवारी, नथ, चंद्रकोर अशा वेशात यावे.’ कुठे शिवकालीन थाट असतो, कुठे पेशवाई. बघायला छान वाटतं. पण हा निरोप आला की आपल्या घरात काय होतं ते मी गेल्या वर्षी जवळून बघितलं, म्हणून बोलते आहे.

आपल्याच एका गटातली ताई. नाव सांगत नाही, पण तिला विचारून सांगते आहे. तिच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. तिनं गटात पाच हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. सचिव ताईंनी कारण विचारलं तर म्हणाली, “घरखर्च.” मी तिच्या घरी गेले तेव्हा तिनं खरा हिशोब सांगितला. शिवलेल्या नऊवारीचं भाडं १,८००, अनामत १,०००, एक ग्रॅमच्या दागिन्यांचा सेट ९०० आणि खोपा-मेकअप १,५००. झाले ५,२००. महिना दोन टक्क्यांनी पाच हजार घेतले आणि दहा हप्त्यांत फेडले, तर वर ५५० रुपये व्याज. एका दिवसाच्या कपड्यासाठी दहा महिने हप्ता.

आणि एवढं करून तो पोशाख तिला बसलाच नाही. दुकानातला मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, “तुमच्या मापात नाही येत काकू.” ती घरी येऊन म्हणाली, “मी लग्नालाच जात नाही.”

तायांनो, हे ऐकलं आणि मला माझीच आठवण झाली. कॉलेजात असताना मावसबहिणीच्या लग्नात मीही असाच शिवलेला पोशाख भाड्यानं आणला होता. माझं अंग भरलेलं आहे, तुम्ही बघताच. कमरेचा हुक लागेना, काष्टा पाठीमागे फुगलेला, पोटावर तयार शिवलेल्या निऱ्यांचा गठ्ठा. मी सगळ्या फोटोंत दुसऱ्याच्या मागे उभी आहे. संध्याकाळी माझ्या आजीनं मला खोलीत नेलं, तो पोशाख उतरवला आणि तिचं जुनं सुती लुगडं दहा मिनिटांत नेसवलं. म्हणाली, “अगं, लुगड्याला माप नसतं. ते आपल्या अंगाच्या मापाचं होतं.”

आजच्या बोलण्याचं सार एवढंच आहे. शिवलेला पोशाख म्हणतो, तू माझ्या मापात ये. लुगडं म्हणतं, मी तुझ्या मापात येतो. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. बारीक बाईला निऱ्या जास्त येतात, जाड बाईला कमी. बाळंतीण असो नाहीतर सत्तरीची आजी असो, कापड तेच.

आता थोडं इतिहासाचं बोलू. पेशवाई म्हणजे १७१३ साली बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले तिथपासून १८१८ पर्यंतचा काळ. सेफ्टी पिनचं पेटंट अमेरिकेत निघालं १८४९ साली. म्हणजे त्या काळातल्या बायका एकही पिन न लावता, नुसत्या गाठीवर आणि खोचण्यावर लुगडं नेसायच्या, आणि ते दिवसभर सुटायचं नाही. हुक, चेन, इलॅस्टिक काही नव्हतं. भाड्याच्या दुकानातली ‘पेशवाई’ त्या काळची नाही, ती कालपरवा शिवलेली आहे. तुमच्या आजीच्या ट्रंकेतलं लुगडं तिच्यापेक्षा खरं आहे.

रंगांचंही तसंच. कारखान्यातला पहिला रासायनिक रंग १८५६ साली इंग्लंडात सापडला. त्याआधी नीळ, हळद, मंजिष्ठ, करडईची फुलं यांतून रंग काढायचे. म्हणून जुना थाट हवा असेल तर गडद लाल, निळा, हिरवा, पिवळा, जांभळा, नाहीतर काळी चंद्रकळा घ्या. डोळ्यांवर येणारा चकचकीत गुलाबी आणि पोपटी आपल्या उन्हातल्या कांतीला फारसा शोभत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलते. त्या काळात सगळ्याच बायका पैठणीत नव्हत्या. पैठणी वाड्यात होती. आपल्या बहुतेकींच्या पणज्या जाड्याभरड्या सुती लुगड्यात काष्टा मारून शेतात होत्या. आपल्या सभेत अशाही बहिणी बसल्या आहेत, ज्यांच्या घरात पेशवाई या शब्दाची आठवण गोड नाही. त्यांचं म्हणणं मला समजतं. म्हणून मी म्हणते, पत्रिकेवर थाटाचं नाव काहीही असू दे, आपण आपल्या आजीचं लुगडं नेसायचं. तो आपला इतिहास आहे आणि त्यासाठी कुणाला भाडं द्यावं लागत नाही.

आता कामाचं सांगते. कुणाला काय शोभतं? हे मी आपल्या नेसवणाऱ्या मावश्यांकडून शिकले आहे.

उंची कमी असेल तर काठ बारीक घ्या. रुंद काठ पोटरीवर आडवा येतो आणि उंची तिथेच तुटते. लुगडं घोट्यापर्यंत खाली येऊ द्या.

उंच असाल तर आधी पन्हा बघा. पन्हा कमी असला की काष्टा वर चढतो आणि दिवसभर खाली ओढत बसावं लागतं. रुंद काठ उंच बाईला छान दिसतो.

अंग भरलेलं असेल तर मऊ कापड घ्या. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं सगळ्यांत चांगलं. कडक, फुगणारं कापड नको. कमरेची गाठ पोटाच्या मधोमध न मारता थोडी खाली आणि बाजूला मारा. निऱ्या एका जागी गठ्ठा करून न खोचता पसरून खोचा. पदर छातीवरून पसरून मोकळा सोडा, कमरेला आवळून गुंडाळू नका. चोळीची बाही कोपरापर्यंत ठेवा.

अंगानं बारीक असाल तर थोडं कडक इरकल किंवा खळ केलेलं लुगडं नेसा. निऱ्या जास्त घ्या, पदर कमरेला खोचा.

अंगावर पाजणारं बाळ असेल तर जुन्या पद्धतीची पुढे गाठ मारायची चोळी घाला. जुन्या काळी चोळी अशीच होती. थाटही होतो आणि बाळाचीही सोय होते. खणाची चोळी कुठल्याही साध्या लुगड्याला उठाव देते.

आणि सगळ्यांसाठी एक नियम. लग्नाच्या आधी घरी दोन तास नेसून बघा. मांडी घालून बसा, जिना चढा, नातवंड उचला, मोरीत जाऊन या. काष्टा सोडून परत घालायला जमतो का बघा. आतून गुडघ्यापर्यंतची लेगिंग्ज घातली की निर्धास्त वाटतं. हे न करता थेट मांडवात गेलं की दिवसभर लक्ष कपड्यात राहतं, लग्नात राहत नाही.

दागिन्यांचं थोडक्यात. ठुशी, बोरमाळ, पुतळ्यांची माळ, चिंचपेटी, तन्मणी, सगळं एकदम घालायचं नाही. गळ्यालगत एक आणि लांब एक, बस्स. मान आखूड असेल तर गळ्यालगतचं सोडा, नुसती लांब माळ घाला.

कुणी नवी पैठणी घेणारच असेल तर एक खूण लक्षात ठेवा. हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटून बघायचा. पुढून आणि मागून नक्षी जवळपास सारखीच दिसते. मागे सुटे धागे लोंबत असतील तर ती हातमागाची नाही, मग हातमागाचे पैसे द्यायचे नाहीत. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्यामुळे दुकानदाराला विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आता त्या ताईकडे परत येते. मी तिला म्हटलं, “आईचं लुगडं आहे ना? मी नेसवायला येते.” ती गप्प. म्हटलं, “जाड दिसण्याची लाज वाटते का?” तरी गप्प. मग हळूच म्हणाली, “मॅडम, त्या फोटोत नथ आहे, चंद्रकोर आहे, हिरवा चुडा आहे. मालक जाऊन चार वर्षं झाली. मी तसं गेले तर लोक काय म्हणतील? आणि तसं नाही गेले तर मी तिथे वेगळी दिसेन.”

म्हणजे प्रश्न मापाचा नव्हता, पैशांचाही नव्हता. एका थाटाच्या निरोपानं तिला तिच्या सख्ख्या भाचीच्या लग्नातून बाहेर काढलं होतं, आणि निरोप पाठवणाऱ्याच्या ते ध्यानातही नव्हतं.

मी तिला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडचं सांगितलं. शिरोळ तालुक्यातलं गाव. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे आमच्या गावात होणार नाही. त्यानंतर राज्य शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तेच आवाहन केलं. एक गाव ठरवू शकतं, तर एक गट का नाही?

ताई म्हणाली, “विचार करते.”

लग्नाच्या आदल्या दिवशी तिच्या गटातल्या दोघी तिच्या घरी गेल्या. तिच्या आईचं जांभळं इरकल निघालं, लाल-पांढऱ्या टोपपदराचं. इरकल म्हणजे कर्नाटकातल्या इळकल गावचं लुगडं, अंग सुती आणि पदर रेशमी. एकीनं नेसवलं, दुसरीनं आपली ठुशी घातली. कपाळाला काय लावायचं हे तिचं तिनं ठरवलं. तिनं छोटी काळी टिकली लावली, नथ घातली नाही. खर्च किती? इस्त्रीचे तीस रुपये आणि गजऱ्याचे वीस. आणि मांडवात भाचीनं तिला ओढून पुढच्या रांगेत उभं केलं. तो फोटो तिनं मला पाठवला आहे. ती कुणाच्याही मागे उभी नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पटल्या तर पुढच्या गट बैठकीत विषय घ्या.

पहिली, प्रत्येक गटानं वहीत यादी करायची. कुणाकडे नऊवारी आहे, कुठला रंग, केवढा पन्हा. आणि कुणाला नेसवता येतं. साठीच्या पुढच्या आज्यांना नक्की येतं. त्यांच्याकडून दोन तरुण मुलींनी शिकून घ्यायचं. आज्या गेल्या की हे नेसणं आपल्या गावातून जाईल, आणि मग भाड्याचं दुकानच उरेल.

दुसरी, महासंघाची एक लुगडंपेटी करायची. ज्यांना द्यायची इच्छा आहे त्यांनी द्यायचं. सभासदाला नाममात्र भाडं, बाहेरच्याला रास्त भाडं, अनामत आणि रजिस्टर. मालकिणीला भाड्यातला वाटा, नेसवणारीला नेसवण्याची मजुरी. हे फुकट करायचं काम नाही, हे कसब आहे. जपणूकही सांगते. रेशमी लुगडं प्लास्टिकमध्ये ठेवायचं नाही, सुती कापडात गुंडाळायचं आणि अधूनमधून घडी बदलायची, नाहीतर घडीवर फाटतं.

तिसरी, आपल्या घरचं लग्न असेल आणि मुलांना थाट करायचा असेल तर करू द्या, हौस आहे. पण निरोपात एक ओळ घाला, ‘ज्यांना जमेल त्यांनी नऊवारी नेसावी, नाही जमलं तरी आपण हव्याच आहात.’ आणि घरातल्या एकट्या राहिलेल्या काकू-आत्यांना स्वतः जाऊन सांगा की तुला जे नेसायचं ते नेस, जे लावायचं ते लाव, पण ये.

जाता जाता सांगते. आजीचं ते सुती लुगडं आता माझ्याकडे आहे. पुढच्या सभेला मी तेच नेसून येणार आहे. काष्टा सुटला तर सावरायला तुम्ही आहातच.