घरून काम करा, पण बसून राहू नका

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे आटोपशीर करून)



सेक्रेटरींनी मला "आरोग्यावर चार शब्द बोला" असं सांगितलं, तेव्हा आमच्या घरात हशा पिकला. मी डॉक्टर नाही, व्यायामपटू तर मुळीच नाही. पुण्यातल्या एका कंपनीचं हिशेबाचं काम मी मार्च २०२० पासून महाडात, आपल्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बसून करतो. यातल्या "बसून" या शब्दावरच मला बोलायचं आहे.

माझे बाबा एस.टी.त कंडक्टर होते, हे जुन्या सभासदांना माहीत आहे. बरीच वर्षं ते महाड-महाबळेश्वर गाडीवर होते. पोलादपूर सोडलं की आंबेनळी घाट सुरू. वळणावर गाडी कलंडल्यासारखी होते, प्रवासी दांडा घट्ट धरतात आणि कंडक्टर मात्र तिकिटांचा ट्रे सांभाळत पुढून मागे, मागून पुढे. वाडा कुंभरोशीला प्रतापगडाची माणसं उतरली की पुन्हा डबल बेल, पुन्हा फेरी. पावसाळ्यात दरडीचे दगड आले तर खाली उतरून ते बाजूला करायचे. बाबांनी आयुष्यात "व्यायाम" म्हणून काहीही केलं नाही.

पुढे एकदा वाचनात आलं की १९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या बसकर्मचाऱ्यांचाच अभ्यास प्रसिद्ध केला होता. तिथल्या बस दुमजली. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर जिना चढतोय-उतरतोय. हृदयविकाराचं प्रमाण ड्रायव्हरांपेक्षा कंडक्टरांमध्ये कमी निघालं. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांची मापं तपासली, तर ड्रायव्हर मंडळी मुळातच कमरेला जाड होती असं दिसलं. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येणार नाही. पण घरोघर पत्रं वाटणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कारकून यांच्यातही तसाच फरक दिसला होता. मी वाचून बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे आपल्या घरात मी कंडक्टर आणि तू ड्रायव्हर."

हे हसण्यावारी गेलं असतं, पण २२ जुलै २०२१ आला. त्या महापुरात महाडने आणि तळियेसारख्या गावाने काय सोसलं ते मी सांगायला नको. त्यापुढे माझी गोष्ट अगदी लहान आहे, तरी सांगतो. पाणी वाढायला लागलं तसं आपण सगळे तळमजल्यावरच्या घरांतलं सामान वर नेत होतो. धान्याचे डबे, सिलिंडर, गाद्या. दुसऱ्या खेपेला मी दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलो तो उठेचना. छाती भात्यासारखी हलत होती. माझं वय तेव्हा ४२. आणि ७० ओलांडलेले माझे बाबा खाली उभे राहून डबे वर देत होते. तळमजल्यावरच्या आजींना खुर्चीत बसवून वर आणलं ते कॉलेजच्या दोन मुलांनी. मी वाट सोडायला भिंतीला चिकटलो, एवढीच माझी मदत. कोणी मला बोललं नाही, पण ती पायरी मी विसरलेलो नाही.

नंतर तपासण्या केल्या. साखर काठावर होती. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसात किती वेळ बसता?" मी मोजलं, तर झोप सोडून ११ तास. नोकरी तीच होती. पण ऑफिसात असताना स्टँडपर्यंत चालणं, जिना, कॅन्टीन, शेजारच्या टेबलापर्यंतची चक्कर हे सगळं नकळत होत होतं. घरून काम सुरू झालं आणि पगार तोच राहिला, ही चिल्लर मात्र गळून पडली.

मग मी जिम लावली, दोन महिन्यांत सोडली. नवीन काही सुरू करण्यापेक्षा गळलेली चिल्लर परत गोळा करणं मला जमलं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम द्यावं आणि बसणं कमी करावं. पूर्वी निदान सलग १० मिनिटं हवीत अशी अट होती. २०२० च्या सूचनांमध्ये ती काढली. म्हणजे एक जिना चढलात तरी तो हिशेबात धरला जातो. मी हिशेबनीस, मला हे पटलं.

मी काय करतो ते सांगतो. पाण्याची मोठी बाटली टेबलावरून काढली, तांब्या ठेवला; तो संपला की उठावंच लागतं. फोन आला की उभा राहतो, लांबला की गॅलरीत फेऱ्या. चहा उकळेपर्यंत ओट्याशी टाचा वर-खाली. पोटरीचे स्नायू आवळले की पायातलं रक्त वर ढकललं जातं. जेवणानंतर १० मिनिटं चालतो. जेवणानंतर चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, त्यामुळे ती एकदम चढत नाही. हे गॅलरीत चाललं होतं तेव्हा बायको म्हणाली, "चालायचंच आहे तर गच्चीवरचे कपडे आणा." तेव्हापासून ते खातं माझ्याकडे. आपल्याकडे चार महिने पाऊस, बाहेर पडता येत नाही, म्हणून जिन्यालाच रस्ता मानला. आता तळमजला ते गच्ची अशा तीन फेऱ्या मी न थांबता करतो. साखर काठाच्या अलीकडे आली आहे. गुडघ्यांचा किंवा हृदयाचा त्रास असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच करावं.

शेवटी एक विनंती. रौप्यमहोत्सवी वर्षात लिफ्ट बसवायचा ठराव येतो आहे. माझं मत बाजूने आहे. आपल्या ज्येष्ठांना, बाळंतिणींना ती हवीच. पण ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी जिन्याशी संबंध तोडू नका. लाइट जाते, पाणी येतं, हे महाडकरांना सांगायला नको. त्या वेळी शेजाऱ्याला वर आणायला लिफ्ट येणार नाही, आपले पाय येतील. पुढच्या वेळी मला भिंतीला चिकटून उभं राहायचं नाही.

बाबा पुढच्या रांगेत बसलेत आणि हाताने डबल बेल देतायत, म्हणजे आता गाडी हलवायला हवी. तुम्हीही बराच वेळ बसला आहात. उठा, एक चक्कर मारा, मग जेवणाच्या रांगेत या.