ऐकणाऱ्याची खुर्ची



मराठवाड्यातल्या या शहरानं मला रंगमंचावर उभं राहायला शिकवलं. चहाच्या टपरीवर वाचलेल्या संहिता, रात्री अकराला संपलेल्या तालमी आणि मग सायकलवरून डबलसीट घरी जाणं, यांवर आमची पिढी वाढली. या गावातून मुंबईला गेलेल्या मुलामुलींनी मराठी रंगभूमीला लेखक दिले, दिग्दर्शक दिले, नट दिले. म्हणून तुम्ही दिलेला हा मान मी घरचा मान म्हणून स्वीकारते.

नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षानं वर्षभरातल्या नाटकांचा आढावा घ्यावा, नाट्यगृहांच्या दुरवस्थेबद्दल बोलावं, अनुदान मागावं, असा प्रघात आहे. त्या मागण्या रास्त आहेत आणि संमेलनाच्या ठरावांत त्या आल्याही आहेत. मी मात्र माझा सगळा वेळ एकाच विषयाला देणार आहे. आपल्या व्यवसायात ज्यांच्या हाती काम देण्याची सत्ता आहे असे पुरुष, आणि त्यांच्याकडे काम मागायला येणाऱ्या बायका.

सुरुवात मराठवाड्यापासूनच करते.

हंसा वाडकर हे नाव इथल्या ज्येष्ठांना नव्यानं सांगायला नको. प्रभातच्या ‘संत सखू’तली सखू आणि ‘लोकशाहीर रामजोशी’तली बया त्यांनी उभी केली. १९५९ सालच्या ‘सांगत्ये ऐका’नं पुण्यात शंभराहून अधिक आठवडे गर्दी खेचली. त्याच सिनेमाचं नाव पुढे त्यांच्या आत्मकथनाला मिळालं. अरुण साधूंनी ते शब्दांकित केलं, ‘माणूस’ या नियतकालिकातून ते वाचकांपुढे आलं आणि १९७० साली राजहंस प्रकाशनानं त्याचं पुस्तक केलं. पुढच्याच वर्षी हंसाबाई गेल्या.

त्या पुस्तकात आपल्या मराठवाड्यातलं एक गाव आहे. एका माणसाबरोबर हंसाबाई तिथे आल्या. त्याच्या घरात आधीच बायका होत्या. ज्या बाईला बघायला थिएटरबाहेर रांगा लागायच्या, तिला तिथे घराबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती. कसंबसं एक पत्र त्यांनी नवऱ्यापर्यंत पोचवलं, पोलीस आले, सुटका झाली. मग मॅजिस्ट्रेटपुढे जाणं आलं. त्या मॅजिस्ट्रेटनंच त्यांच्यावर बलात्कार केला. हंसाबाईंनी हे स्वतःच्या तोंडानं सांगितलं आणि स्वतःच्या नावानं छापू दिलं.

आपण ते कसं वाचलं? प्रांजळ म्हणून वाचलं, धाडसी म्हणून वाचलं. दारू, पुरुष, वाताहत, असा एका नटीच्या आयुष्याचा आलेख काढला आणि हळहळलो. १९७७ साली श्याम बेनेगल यांनी त्यावरून ‘भूमिका’ केला. स्मिता पाटील यांना त्यातल्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मोठा चित्रपट आहे तो, पण त्यात हा मॅजिस्ट्रेट नाही. बाईनं पुस्तकाचं नावच ‘सांगत्ये ऐका’ ठेवलं होतं. तिचं सांगणं आपण तक्रार म्हणून कधी ऐकलं नाही.

मित्रांनो, मॅजिस्ट्रेटच्या त्या पानाशी मी पुन्हा पुन्हा येते, कारण आपल्या व्यवसायाचं सगळं दुखणं तिथे आहे. जिथे दाद मागायची, त्या खुर्चीत कोण बसलंय? बायका बोलत नाहीत असं आपण म्हणतो. माझा अनुभव असा, की त्या बोलतात. त्या खुर्चीपाशी जाऊन त्यांचं बोलणं थांबतं.

अलीकडचं उदाहरण घ्या. २००८ साली मुंबईत ‘हॉर्न ओके प्लीज’ या चित्रपटाच्या सेटवर तनुश्री दत्ता यांनी गाण्याचं चित्रीकरण अर्धवट सोडलं. त्यांच्या गाडीवर हल्ला झाला, त्याचं चित्रीकरणही आहे. नाना पाटेकर यांनी चित्रीकरणादरम्यान गैरवर्तन केलं, हा त्यांचा आरोप होता. पाटेकर यांनी तो साफ नाकारला आहे आणि त्यांचं नाकारणं नोंदवणं माझं कर्तव्य आहे. २०१९ मध्ये पोलिसांनी पुरावा नसल्याचा अहवाल दिला. मार्च २०२५ मध्ये अंधेरीच्या न्यायालयानं २००८च्या घटनेची दखल घ्यायची कायदेशीर मुदत टळून गेल्याचं सांगितलं आणि ती घटना खरी की खोटी, यावर मत दिलं नाही.

त्या खटल्याचा निवाडा या व्यासपीठावरून करण्याचा मला अधिकार नाही. मला एका वेगळ्या कागदाकडे तुमचं लक्ष वेधायचंय. तनुश्री दत्ता यांनी २००८ मध्येच कलाकारांच्या संघटनेकडे, ‘सिंटा’कडे, तक्रार दिली होती. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, संघटनेनं जुनं दप्तर काढलं आणि जाहीरपणे कबूल केलं, की त्या वेळच्या वाद-निवारण समितीनं लैंगिक छळाच्या मूळ तक्रारीला हातच घातला नव्हता. संघटनेनं माफीही मागितली. पण तोवर दहा वर्षं उलटली होती आणि कायद्याची मुदतही. ‘तेव्हाच का नाही बोलली?’ असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ती तेव्हाच बोलली होती. ऐकणाऱ्यांनी काय टिपून घेतलं, हा प्रश्न आहे.

केरळचं पाहा. २०१७ मध्ये कोचीत एका अभिनेत्रीवर गाडीत अत्याचार झाला. तिच्या सहकारी बायका एकत्र आल्या, त्यांनी संघटना काढली, सरकारकडे दाद मागितली आणि त्याच वर्षी न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमली गेली. डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल सरकारकडे गेला आणि १९ ऑगस्ट २०२४ पर्यंत तो लोकांपुढे आला नाही. आला तोही काही भाग गाळून. त्यात कामाच्या बदल्यात शरीर मागण्याच्या हकिकती आहेत. मूठभर पुरुषांच्या हाती सगळी मल्याळी चित्रपटसृष्टी एकवटल्याचं त्यात लिहिलंय. आणि त्याच अहवालात सेटवर बायकांना लघवीला जायची, कपडे बदलायची सोय नसल्याचंही लिहिलंय. हे दोन वेगळे मुद्दे समजू नका. जिथे बाईसाठी दार असलेली खोली बांधायची गरज कुणाला वाटत नाही, तिथे तिच्या ‘नाही’ला किंमत कोण देणार? आपल्याकडे २०२३ साली एका लोकप्रिय नृत्यांगनेचं कपडे बदलताना चोरून चित्रीकरण झालं आणि ते घरोघरच्या मोबाइलवर फिरलं. तिचं नाव मी घेत नाही. पण तो व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांत आपलेच प्रेक्षक होते.

तमाशाच्या फडावरच्या, संगीत बारीतल्या बायांना हे सगळं पाठ आहे. सुपारी देणारा गावचा पुढारी, दौलतजादा करणारा बागायतदार, मुक्कामाची जागा ठरवणारा मधला माणूस, या तिघांच्या मर्जीत त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कला जिवंत ठेवली. त्यांच्या लावणीवर आपण प्रबंध लिहिले. राहुटीच्या मागे रात्री काय होतं, याची कुठे नोंद केली नाही.

आता आजच्या मुलीकडे या. ती परभणीहून, लातूरहून, इथल्या सिडकोतून मुंबईला जाते. अंधेरीत चौघींत एक खोली घेते. फोटो को-ऑर्डिनेटरच्या व्हॉट्सॲपवर जातात. उलट टपाली दोन ओळी येतात: प्रोफाइल आवडलं, कॉम्प्रमाइज आहे का? आपल्या धंद्यात काम तोंडी ठरतं. नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, किती मिळणार, ते फोनवर कळतं. मालिकेतलं पात्र एका रात्रीत अपघातात मारता येतं. निवडणारे चार आणि रांगेत चारशे. हार्वी वाइनस्टीननं हॉलिवूडमध्ये अनेक वर्षं याच बळावर राज्य केलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं ते उघड केलं. २०२० मध्ये शिक्षा झाली, २०२४ मध्ये अपिलात ती रद्द झाली आणि २०२५ मध्ये फेरसुनावणीत तो एका आरोपात पुन्हा दोषी ठरला. काही बायकांना तीच साक्ष, तीच उलटतपासणी दोनदा सोसावी लागली. जगातल्या सगळ्यांत श्रीमंत सिनेमाच्या गावी ही कथा. आपल्या परभणीच्या मुलीच्या पाठीशी कोण आहे?

तीन आक्षेप नेहमी येतात, त्यांना उत्तर देते. पहिला, बायका नाव मिळवायला आरोप करतात. ज्या बोलल्या त्यांतल्या किती जणींना पुढे काम मिळालं, ते निर्मात्यांनीच सांगावं. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून विचारलं होतं, की एका बाईच्या नावानं सगळं जग बोटं मोडतं, तेव्हा पुरुषाचा हिशेब कोण मांडतो? तो हिशेब अजून मांडायचा आहे.

दुसरा, निरपराध पुरुष अडकेल. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्यावर कारवाईची तरतूद कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात आहे. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यानं अशी कारवाई व्हायचं कारण नाही, हेही त्याच कलमात आहे. नीट चौकशी निरपराधालाही हवी असते. चौकशीच नसली, की उरते कुजबुज. तिच्यात निरपराध भाजतो आणि अपराधी मोकळा राहतो.

तिसरा आक्षेप ऐकला, की मला संताप येतो. कलावंत मनस्वी असतो म्हणे. मग हा मनस्वीपणा निर्मात्यापुढे कसा उफाळत नाही? मंत्र्यापुढे कसा आवरता येतो? तो नेमका पहिलंच नाटक करणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीपुढेच कसा जागा होतो?

आता एक गोष्ट माझ्या पदरची. फार वर्षांपूर्वी आमची एकांकिका दौऱ्यावर होती. प्रयोगानंतर मेकअपरूममध्ये एक मुलगी माझ्याशेजारी बसली. मी तिच्याहून मोठी, चार नाटकं जास्त केलेली. आमच्या ज्येष्ठ दिग्दर्शकाबद्दल ती काहीतरी सांगू लागली. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हटलं, ‘रात्री दार आतून लावून घे.’ मला वाटलं, मी तिला शहाणपणाचा सल्ला दिला. दुसऱ्या वर्षी तिनं नाटक सोडलं. आमच्यात अभिनय सगळ्यांत चांगला तिचा होता. मी त्या माणसाला एका शब्दानं विचारलं नाही. त्याच्या पुढच्या नाटकात मी काम केलं. त्या दिवशी ऐकणाऱ्याच्या खुर्चीत मी बसले होते आणि मी ऐकलं नाही. हंसाबाईंच्या त्या पानाशी मी पुन्हा पुन्हा का येते, ते तुम्हाला आता कळलं असेल.

म्हणून काही मागण्या करते. त्या ठरावांत याव्यात.

२०१३च्या त्या कायद्यानं कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत मनोरंजनाचा व्यवसायही आणला आहे. कामासाठी दिलेलं वाहनही त्यात येतं, म्हणजे आपली दौऱ्याची बसही. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तिची अध्यक्ष बाई हवी, निदान निम्म्या सदस्य बायका हव्यात, एक सदस्य बाहेरचा हवा. लहान संस्थांतल्या मुलींसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये या समित्यांसाठी राज्यांना तारखा घालून दिल्या. तक्रारीची मुदत तीन महिने आहे, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. मराठवाड्यातल्या प्रत्येक नाट्यगृहाच्या मेकअपरूममध्ये आरशाशेजारी ही माहिती आणि समितीतल्या माणसांचे फोन क्रमांक मराठीत लागले पाहिजेत.

राज्य नाट्यस्पर्धा, एकांकिका स्पर्धा, युवक महोत्सव यांच्या प्रवेशिकेवरच संस्थेनं समितीची नावं लिहावीत. नावं नाहीत तर प्रवेश नाही, अनुदान नाही. काम ठरलं, की एका पानाचा का होईना, लेखी करार व्हावा. ज्याच्याविरुद्ध चौकशी सुरू आहे, त्याच्या हाती ती पुरी होईपर्यंत निवडीचा अधिकार नसावा. आणि मराठी सिनेमा, मालिका, नाटक व तमाशा यांतल्या बायकांच्या स्थितीचा अभ्यास करायला राज्य शासनानं समिती नेमावी. तिचा अहवाल प्रसिद्ध करायची तारीख नेमणुकीच्या आदेशातच लिहावी. केरळसारखं चार-साडेचार वर्षं कपाटात राहणं आपल्याला नको.

पुरुष सहकाऱ्यांशी दोन शब्द. तुमच्यातले बहुतेक असे वागत नाहीत, हे मी जाणते. पण कोण वागतं, हेही तुम्हाला माहीत असतं. दौऱ्यात कुणाच्या शेजारच्या सीटवर मुली बसत नाहीत, ते बसच्या ड्रायव्हरलाही ठाऊक असतं. तुमच्या एका वाक्यानं तो माणूस थांबतो. ते वाक्य बोला.

आणि माझ्या वयाच्या बायांनो, उद्या एखादी मुलगी तुमच्या शेजारी येऊन बसेल आणि चाचरत काही सांगू लागेल. तिला दार लावून घे म्हणू नका. तिचं वाक्य पुरं होऊ द्या. वही काढा. तारीख लिहा, वेळ लिहा, जागा लिहा, तिच्याच शब्दांत लिहा आणि तिला वाचून दाखवा. तिची तयारी असेल तेव्हा त्या कागदावर तिची सही घ्या आणि समितीच्या दारापर्यंत तिच्याबरोबर चालत जा.